नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचे फटाके संपले की हे प्रश्न यायला लागतात आणि मार्चपर्यंत थांबत नाहीत. तेच तेच उत्तर पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवलं. प्रवेशशुल्क आणि कॅमेऱ्याचे दर मुद्दाम दिलेले नाहीत. ते बदलतात आणि जुना आकडा घेऊन लोक गेटवर वाद घालत बसतात.

१. हे नेमकं आहे काय? धरण, तलाव की अभयारण्य?

मुळात बंधारा. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात तो बांधला. इथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात आणि पुढे कोपरगाव-राहात्याकडची शेती भिजवतात. शंभर वर्षं नदीने गाळ आणून टाकला. फुगवट्याचं पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, कडेला पाणकणीस आणि लव्हाळी माजली. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने हा गाळ म्हणजे निव्वळ तोटा, कारण तेवढा साठा घटला. पक्षी मात्र त्या गाळासाठीच येतात. १९८६ साली हा भाग अभयारण्य झाला, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाला. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर यादीत आल्या.

२. कुठे १०० चौरस किलोमीटर लिहिलंय, कुठे १४. खरं कोणतं?

दोन्ही. अभयारण्याची अधिसूचित हद्द सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे आणि तिच्यात गावं, शेतं, मळे सगळं येतं. रामसर यादीतलं क्षेत्र १,४३७ हेक्टर, म्हणजे साधारण १४ चौरस किलोमीटर. पक्षी बघणाऱ्याचा मतलब या दुसऱ्या आकड्याशी.

३. कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. हे सरधोपट उत्तर झालं आणि बहुतेकांना ते पुरतं. थोडं बारकाईने सांगायचं तर धोबी आणि तुतवार सप्टेंबरमध्येच हजर होतात. बदकं ऑक्टोबरपासून येऊ लागतात आणि डिसेंबर-जानेवारीत गर्दी होते. मार्चमध्ये थवे पांगायला लागतात. मात्र त्याच महिन्यात भोरड्यांचे थवे संध्याकाळी आभाळात जे काही करतात, ते पाहायला मी बदकं सोडून जाईन. पावसाळ्यात स्थानिक पक्षी असतात आणि कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी यांची घरटी त्याच काळात होतात. पण बंधाऱ्याची दारं उघडी असतात, नदी फुगलेली असते. पहिल्या भेटीसाठी तो काळ नको.

महिन्यापेक्षा मोठी गोष्ट पुढच्या उत्तरात आहे. ते वाचल्याशिवाय तारीख ठरवू नका.

४. मागच्या वर्षी याच आठवड्यात हजारो बदकं होती, यंदा चार वारकरी (काळे पाणपक्षी) आणि एक बगळा. पक्षी कमी झाले का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि दर वेळी उलट विचारावं लागतं: पाणी किती होतं?

नांदूरचं पाणी निसर्गाच्या मर्जीने चढत-उतरत नाही. वर गंगापूर, दारणा, पालखेड अशी धरणं आहेत. त्यांतून आवर्तन (शेतीसाठी पाळीपाळीने सोडलेलं पाणी) सुटलं की फुगवटा भरतो, कालव्यांना पाणी गेलं की उतरतो. ज्या वर्षी पाऊस कमी आणि जायकवाडीत साठा बेताचा, त्या वर्षी नाशिकच्या धरणांतून खाली सोडलेलं पाणीही इथूनच जातं. मग ऐन हंगामात नदी पावसाळ्यासारखी वाहते.

आता हे पक्ष्याच्या बाजूने बघा. थापट्या, तलवार बदक, गडवाल, चक्रांग ही बुडी मारणारी बदकं नव्हेत. डोकं खाली, शेपूट वर करून मान पोचेल तेवढ्याच खोलीवरचं ती खातात. पाणी हातभर वाढलं की त्यांचं ताट उचलून नेल्यासारखं होतं. तुतवार आणि चिखलपक्षी तर बोटभर पाण्यातले. शेकाट्याचे पाय लांब असले तरी त्यालाही मर्यादा आहे. पाणी चढलं की चिखलाचे पट्टे बुडतात आणि हे सगळे आसपासच्या तळ्यांवर, धरणांच्या काठांवर निघून जातात. खोल पाण्यात मजा कोणाची? बुडी मारणाऱ्या लालसरीची, वारकऱ्यांची आणि पाणकावळ्यांची.

पाणी फार उतरलं तरी पंचाईत. बदकांना भोवती मोकळं पाणी लागतं. कुत्रं किंवा माणूस चालत जवळ येऊ शकेल अशा डबक्यात ती थांबत नाहीत. सगळ्यात चांगले दिवस म्हणजे आवर्तन संपून पाणी हळूहळू उतरत असतं ते. रोज थोडा नवा चिखल उघडा पडतो, त्यात किडे आणि शंख-शिंपले ताजे असतात आणि पक्षी काठाच्या जवळ येतात.

तेव्हा पक्षी कमी झाले की नाहीत, हे एका भेटीवरून सांगता येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने केलेली मोजणी लागते. जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना त्यासाठीच असते.

५. पाणी किती आहे ते घरबसल्या कसं कळणार?

दोन मार्ग. नाशिकच्या वर्तमानपत्रांत आणि बातम्यांत धरणांच्या विसर्गाचे आकडे येतात. ‘नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून इतके क्युसेक’ अशी ओळ दिसली तर त्या आठवड्याचा बेत पुढे ढकला. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा: स्थानिक गाईडला फोन करून ‘चिखल उघडा आहे का’ एवढंच विचारा. ‘पक्षी आहेत का’ असं विचारू नका. त्याला उत्तर नेहमी ‘आहेत, या’ असंच येतं.

६. कसं पोचायचं? बसने जमेल?

नाशिकहून अंतर साधारण ४० किलोमीटर, निफाडहून १२च्या आसपास. पर्यटकांसाठी सोयीची बाजू चापडगावची. प्रवेशद्वार, पायवाटा आणि निरीक्षण मनोरे तिकडे आहेत. नकाशात नुसतं ‘नांदूर मध्यमेश्वर’ टाकलं तर गाडी बंधाऱ्यापाशी किंवा गावात नेऊन सोडते आणि मग नदीला वळसा घालून यावं लागतं. ‘चापडगाव’ टाका.

रेल्वेने यायचं तर नाशिकरोडला उतरा. निफाड स्टेशन जवळ आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. एसटीने निफाडपर्यंत आरामात येता येतं. पुढे पहाटेच्या वेळेला वाहन मिळणं कठीण, म्हणून रिक्षा आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. मुंबई-पुण्याहून एका दिवसात जाऊन-येऊन करणारे आहेत, पण त्यांची सकाळ रस्त्यात जाते आणि इथे सकाळच महत्त्वाची.

७. एक दिवस आहे. तो कसा आखावा?

उजाडताना गेटवर हजर राहा. पहिले दोन-अडीच तास पाण्यासाठी. सूर्य पाठीशी येईल असा मनोरा किंवा काठ निवडा, कारण सूर्य समोर असेल तर हजार बदकं असूनही हजार काळे ठिपके दिसतात. मनोऱ्यावर चढल्यावर लगेच दुर्बीण लावू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी पाणी डावीकडून उजवीकडे बघून घ्या, थवे कुठे आहेत ते ठरवा आणि मग एकेक थवा घ्या.

साडेदहानंतर बदकं मधोमध जाऊन पंखांत चोच खुपसून झोपतात. ती झोपली की बहुतेक मंडळी गाडीत बसून निघतात, आणि माझ्या मते अर्धं नांदूर तेव्हाच सुरू होतं. काठच्या बाभळी, लव्हाळी आणि शेताचे बांध धरून चाला. गप्पीदास, खाटीक, वटवटे, वेडे राघू, काटेरी तारेवर बसलेला कवड्या खंड्या. ऊन तापल्यावर हवा वर चढू लागते आणि तिच्यासोबत शिकारी पक्षी घिरट्या घालत वर जातात, तेव्हा मधूनमधून आभाळाकडेही बघा.

दुपारी बारा ते तीन खरोखर काही नसतं. जेवा, झाडाखाली पडा.

चारनंतर परत पाण्यावर या. शराटी आणि बगळे रांगा करून मुक्कामाच्या झाडांकडे निघतात. मोर शराटी उतरत्या उन्हात बघावा. दिवसा काळाकुट्ट वाटणारा पक्षी तांबूस, हिरवा, जांभळा असा पालटत जातो. ज्या हिवाळ्यात क्रौंच आलेले असतात तेव्हा ते दिवसभर शेतात चरून संध्याकाळी पाण्याकडे येतात. लांबून कर्कश तुतारीसारखा आवाज आधी येतो, रांग मागून दिसते. अंधाराच्या आत बाहेर पडा (का, ते प्रश्न १९ मध्ये).

८. थंडी किती असते? धुकं असलं तर?

राज्यातलं किमान तापमान निफाडचं, ही बातमी दर हिवाळ्यात वाचताच की. पारा एक आकडी होतो, द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. पाण्याकाठी वाऱ्यात दोन तास उभं राहायचं म्हणजे कानटोपी आणि हातमोजे हवेतच. दहा वाजता ते सगळं काढावं लागतं, म्हणून एक जाड जाकीट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. कपड्यांचा रंग मळकट असला की झालं. लोक रंगावर फार चर्चा करतात, पण पक्षी उडतात ते हालचालीला आणि बोलण्याला.

दाट धुकं पडलं तर आठ-साडेआठपर्यंत काही दिसत नाही. चहा प्या आणि आवाज ऐका.

९. दुर्बीण कोणती घ्यावी? मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भागेल का?

८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. व्यास मोठा तसा पहाटेच्या मंद उजेडात फायदा. १०×५० घेतली तर थोडं जवळ दिसेल, पण हात हलला की चित्रही तेवढंच हलतं आणि दुपारपर्यंत मान दुखते. बाजारात ‘१०० पट झूम’ म्हणून मिळतात त्या खेळण्यात पैसे घालू नका.

नांदूरला पाणी पसरट आहे, म्हणून लांबच्या थव्यांसाठी तिकाटण्यावर लावलेला स्पॉटिंग स्कोप फार उपयोगी पडतो. तो विकत घ्यायची गरज नाही, बरेचदा गाईडकडे असतो. मोबाइल त्या स्कोपच्या भिंगाला टेकवून फोटो काढता येतो. नुसत्या मोबाइलवर बगळासुद्धा पांढरा ठिपका येतो.

१०. गाईड घ्यायलाच हवा का?

पहिल्यांदा येत असाल तर हो. ही आसपासच्या गावांतली पोरं आहेत. ‘तो तिसऱ्या बेटाच्या डाव्या टोकाला’ असं सांगून ते जे दाखवतात ते तुम्हाला तासभर शोधून सापडणार नाही. शिवाय आज पाणी कुठे उथळ आहे हे त्यांना माहीत असतं.

११. फ्लेमिंगो दिसतील ना? मुलांना कबूल केलंय.

कबूल करायला नको होतं. रोहित नांदूरला येतात, पण दर वर्षी नाही आणि आले तरी मोजकेच. त्यांना खूप मोठं, उथळ, चिखलाचं पाणी लागतं. चोच उलटी पाण्यात घालून ते गाळ गाळून खातात, तेव्हा पाण्याची पातळी त्यांच्याही बाबतीत सगळं ठरवते (प्रश्न ४). रोहितांसाठीच जायचं असेल तर भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर जा, किंवा ऐरोलीहून ठाण्याच्या खाडीत बोटीने. खाडीत लहान रोहित जास्त, भिगवणला मोठे.

मुलांना नांदूरला दाखवायचं तर चमचा दाखवा. पांढराशुभ्र पक्षी, पळीसारखी चोच, आणि ती चोच पाण्यात झाडू मारल्यासारखी इकडून तिकडे फिरवत चालतो. एकदा बघितला की मुलं विसरत नाहीत.

१२. हे सगळे पक्षी सायबेरियातून येतात ना?

बातम्यांत तसंच छापून येतं. काही बदकं खरंच तिकडून येतात, पण चक्रवाक लडाख, तिबेट आणि मध्य आशियात वीण घालतो, पट्टकदंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. भोरड्या पश्चिमेकडून, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून. आणि तुम्हाला दिसणाऱ्यांपैकी बरेच कुठूनच येत नाहीत. हळदीकुंकू बदक, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, नदी सुरय इथलेच. सायबेरियन क्रौंच विचारत असाल तर तो भारतात शेवटचा राजस्थानात, भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात दिसला, २००२ साली.

भरतपूरचं नाव निघालंच आहे. नांदूरला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतात ते ऐकलं असेल. दोन्हीकडे माणसाने पाणी अडवलं म्हणून पाणथळ झाली, एवढं साम्य पक्कं. पण तिथे झाडांवर करकोच्यांच्या वसाहती आहेत, इथे उघडं पाणी आणि शेतं. तीच अपेक्षा घेऊन येऊ नका.

१३. पुस्तकात बदकांचे रंग किती सुंदर! इथे सगळी तपकिरीच. असं का?

ऑक्टोबरमध्ये आला असाल. विणीनंतर नर बदकं भडक पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखी दिसतात. नवी पिसं हिवाळा सरकत जाईल तशी येतात, म्हणून डिसेंबरनंतर नर ओळखणं सोपं.

तोवर चोचीवर लक्ष ठेवा, पिसांचा रंग बदलला तरी तिचा आकार बदलत नाही. थापट्याची चोच टोकाला फावड्यासारखी रुंद. तलवार बदकाची मान लांब, सडपातळ आणि चोच राखाडी. गडवाल उडाला किंवा पंख झटकला की पंखाच्या मागच्या कडेला पांढरा चौकोन. चक्रांग सगळ्यांत लहान, पंखावर हिरवा पट्टा. चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा ठळक असतील तर भुवई बदकाची मादी. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाशी लाल ठिपके असले तर हळदीकुंकू. त्याचे नर-मादी वर्षभर जवळपास सारखेच.

१४. काळे पक्षी गोंधळात टाकतात. वारकरी, पाणकोंबडी आणि पाणकावळा यांत फरक काय?

कपाळ आणि चोच पांढरी, बाकी काळा, थव्याने पोहतोय: वारकरी. उडायचं झालं तर बिचारा आधी पाण्यावर बराच लांब पळतो. लाल चोच, निळं-जांभळं अंग, काठच्या लव्हाळ्यात चालतोय: जांभळी पाणकोंबडी. ती खाताना जरूर बघा. पाणकणसाचा देठ उपटते, एका पायाच्या लांब बोटांत धरते आणि सोलून आतला पांढरा गर खाते. चोच टोकाला वाकडी, अंग अर्धं पाण्यात बुडालेलं, किंवा खांबावर पंख पसरून वाळवत बसलाय: पाणकावळा. मान सापासारखी आणि चोच सरळ सुरीसारखी असली तर तो तिरंदाज.

१५. कमळपक्षी दिसला पण लांब शेपूट नव्हती. दुसरा पक्षी होता का?

शेपूट विणीच्या काळात असते, म्हणजे पावसाळ्यात. हिवाळ्यात ती जाते, रंगही फिका तपकिरी होतो, पोट पांढरं आणि छातीवर एक काळपट पट्टा उरतो. लांब बोटांनी पानांवरून चालणं तेच. अंड्यांवर नर बसतो, पिल्लंही तोच सांभाळतो आणि मादी दुसरा नर बघते. पर्यटक मंडळींत यावर विनोद ठरलेले आहेत, तुमचाही होईल.

१६. काही कारण नसताना सगळा थवा एकदम उडाला. आमच्यामुळे का?

तुम्ही काठावर चालत पुढे गेला असाल तर हो. नसाल तर वर बघा. बहुतेक वेळा दलदलीवरचा भोवत्या हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे धरून लव्हाळ्यावरून सरकत असतो. बदकं उडतात, वारकरी उलट करतात. ते एकमेकांना चिकटून काळा गोळा होतात आणि पाणी उडवत राहतात, कारण भोवत्याला एकटा पडलेला, आजारी पक्षी हवा असतो. तो गोळ्यावरून दोन-तीनदा फेरी मारतो आणि बऱ्याचदा हात हलवत निघून जातो.

मुद्दाम थवा उडवून फोटो काढणारे हंगामात दर रविवारी भेटतात. लांबचा प्रवास करून आलेल्या आणि परतीसाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला प्रत्येक उड्डाण महागात पडतं. हे दिसलं तर वनरक्षकाला सांगा.

१७. चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारते, हे खरं आहे का?

हाका मारतात हे खरं. ताटातूट कवींनी केली. ही नारिंगी बदकं जोडीनेच राहतात, रात्रीही चरतात, आणि अंधारात एकमेकांचा ठाव राहावा म्हणून ‘आँग, आँग’ ओरडत असतात. नदीच्या दोन काठांवरून तो आवाज ऐकला तर कवींना दोष द्यावासा वाटत नाही.

१८. ड्रोन उडवला तर? मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून बोलावलं तर?

ड्रोन परवानगीशिवाय नाही. अभयारण्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, जप्ती आणि गुन्हा दोन्ही होऊ शकतं. आवाज लावून बोलावलेला पक्षी तुम्हाला प्रतिस्पर्धी समजून धावत येतो आणि खाणं सोडून भांडायला उभा राहतो. करू नका. शेव-पापडीही टाकू नका. आणि हो, ‘पाणकोंबडी खायला मिळते का’ हा प्रश्नही याच कायद्यात येतो.

१९. तिथे बिबट्या आहे म्हणतात. घाबरायचं कारण आहे का?

आहे. बिबट्या आहे, आणि सावध राहायचं कारणही आहे. गोदाकाठ उसाचा पट्टा आहे आणि बिबट्या उसातच राहतो. दिवसा मनोऱ्यावर, चार लोकांत काही भीती नाही. पण पहाटे अंधारात उसाच्या कडेने एकट्याने चालणं, संध्याकाळी लहान मुलाला पुढे सोडणं, शेताच्या बांधाआड लघवीला वाकून बसणं हे टाळा. गावातले लोकही टाळतात.

२०. आजी-आजोबा आणि लहान मुलांना जमेल का?

चालायच्या वाटा सपाट आहेत. मनोऱ्याला जिना आहे, तो गुडघेदुखीवाल्यांनी सोडून द्यावा. खालूनही पुष्कळ दिसतं. घडीची खुर्ची आणा. मुलांसाठी सकाळचे दोन तास पुरेत, त्यानंतर पक्षी लांब जातात आणि मुलं कंटाळतात. पाणी आणि खाणं बरोबर असू द्या. गावात आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरीचं जेवण होऊ शकतं, आयत्या वेळी मागितलं तर नाही.

२१. पाणी हिरवं आणि घाण दिसलं, जलपर्णी माजलेली. मग हे कसलं रामसर?

प्रश्न रास्त आहे. वर नाशिक शहर आहे, आणि सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद खाऊन जलपर्णी फोफावते. रामसरच्या नोंदीतही जलपर्णी, शहरीकरण आणि पाण्याचा उपसा हे धोके म्हणून लिहिलेले आहेत. यादीत नाव आलं म्हणून पाणी स्वच्छ होत नाही. जलपर्णीवर कमळपक्षी आणि पाणकोंबड्या चालताना दिसतात, म्हणून ‘पक्ष्यांना चालतं की’ असं काहींना वाटतं. त्या दोघांना चालतं. मोकळं पाणी झाकलं गेलं की बदकांना उतरायला जागा राहत नाही, आणि खालच्या पाण्यात उजेड पोचत नाही म्हणून त्यांचं खाद्य असलेल्या पाणवनस्पतीही मरतात.

२२. जखमी पक्षी सापडला तर काय करायचं?

वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. तोवर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, त्यानेच जास्त मरतात. संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजात अडकलेले पक्षी जास्त असतात. मांजा ओढू नका, दोन्हीकडून कापा. बगळ्याला धरताना त्याचं डोकं तुमच्या डोळ्यांपासून लांब ठेवा, तो नेमका तिथेच टोचतो.

एकाच जागी बरेच पक्षी मरून पडलेले दिसले तर हात लावू नका. बर्ड फ्लूची शक्यता असते. फोन तोच.

२३. एका पक्ष्याच्या पायात रंगीत कडी होती. पाळीव होता का?

नाही, कोणीतरी संशोधनासाठी घातलेली असते. पट्टकदंबाच्या मानेतही पट्टा असू शकतो. कडीचा रंग, अक्षरं किंवा आकडे, कोणता पाय आणि गुडघ्याच्या वर की खाली, एवढं लिहून घ्या, जमल्यास फोटो काढा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पक्षी कुठे, कधी पकडला होता हे कळू शकतं. अशी एक नोंद पन्नास सुंदर फोटोंपेक्षा कामाची.

२४. दुर्मिळ पक्षी दिसला तर ग्रुपवर लोकेशन टाकू का?

पाण्यावरचं बदक असेल तर खुशाल. घुबड, घरटं किंवा मुक्कामाचं झाड असेल तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झाडाखाली वीस कॅमेरे उभे असतात. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करा, संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा तिथे लपवली जाते. घरट्याचा तपशील मात्र शेऱ्यातही लिहू नका.

२५. मुक्काम करता येतो का? पक्षी सप्ताहात काही असतं का?

खाणगाव थडीला वनविभागाची राहण्याची सोय आहे. शनिवार-रविवारचं आरक्षण हंगामात आधी संपतं, म्हणून मंगळवार-बुधवार बघा. गर्दीही नसते. पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. त्या आठवड्यात शाळांच्या सहली असतात. उत्साह भरपूर, शांतता शून्य. शांतपणे बघायचं असेल तर तो आठवडा सोडा. तुम्ही शिक्षक असाल तर तोच धरा आणि वनविभागाला आधी पत्र द्या.

२६. शिर्डीला जाताना वाटेत दोनच तास आहेत. थांबू का?

सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर पोचत असाल तर थांबा. दुपारी एक वाजता असाल तर सरळ पुढे जा आणि येताना या.